आत्याच्या दारची वाट

"पण यात माझं चुकलं काय, तेवढं सांगा ना बुवा!"

सकाळपासून हेच चाललं होतं. मी चुलीपाशी पेज ढवळत होते आणि माझं डोकं उठलं होतं. विचारणारा थांबेना, आणि ज्यांना विचारतोय ते बोलतील तर शपथ.

सोमबुवा मठाच्या ओटीवर बसून सुपारी कातरत होते.

"बुवा..."

"ऐकतोय."

"मग बोला की!"

"तू थांबलास की बोलीन."

यशोधन थांबला. बुवांनी सुपारी कातरून संपवली, अडकित्ता पुसला, चंचीत ठेवला. बोलले काही नाहीत.

बुवांचं हे असंच. या मठात स्वयंपाक करता करता माझे केस पांढरे झाले, पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. आमटीत मीठ कमी आहे का विचारलं तरी म्हणतात, तुला काय वाटतं? मला काय वाटायचंय! मला वाटतं, माणसानं हो किंवा नाही म्हणावं आणि जेवावं.

"शेवंतीताई, तुम्ही तरी सांगा यांना," यशोधन माझ्याकडे वळला.

"मला मध्ये ओढू नकोस," मी म्हटलं. "तुझी आत्या आत माझ्या खाटेवर झोपली आहे. तेवढं माझ्या वाट्याचं पुरे आहे."

---

हा यशोधन सारंग इथलाच, आमच्या करंजबेटावरचा. आई-बाप लहानपणी गेले, सगुणाआत्यानं वाढवला. संध्याकाळी मठात येऊन बुवांपाशी बसायचा, श्लोक म्हणायचा, प्रश्न विचारून जीव खायचा. मग शहरात शिकायला गेला, इमारतींचं शिकला, आणि शिकून परत आला. परत आला हे मी आजही त्याच्या बाजूनं मोजते. बाकीचे कुठे येतात?

आला तो कामाला लागला. आमचं बेट एवढंसं. गाडी नाही, होडीनं यायचं आणि पायानं फिरायचं. घराघरांमधून पाणंदी जातात, म्हणजे दोन्हीकडे दगडी गडगे आणि मधे एका माणसापुरती वाट. या पाणंदींवर काँक्रीट ओतायचं चाललं होतं. यशोधननं ते अडवलं. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, भांडला, आणि गडगे वाचवले. मग त्यानं त्याच वाटांवरून पाहुण्यांना हिंडवायची योजना काढली. वारसा पायवाट. एका वेळी मोजकीच माणसं, कचरा ज्याचा त्यानं परत न्यायचा, जेवण बेटावरच्याच घरी. शाश्वत पर्यटन, असं तो म्हणायचा.

"शाश्वत म्हणजे किती दिवस?" बुवांनी तेव्हा विचारलं होतं.

यशोधन हसला होता. त्याला वाटलं, बुवा थट्टा करतायत.

आता आमच्या बेटाची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पावसात पाणंदी रानानं भरून जातात. पाऊस सरला की जो तो कोयता घेऊन निघतो आणि वाटा मोकळ्या करतो. वाट करणं म्हणतो आम्ही त्याला. पण आपल्या दारची वाट आपण करायची नाही. ज्याला तुमच्याकडे यायचंय, त्यानं ती करायची. तुम्ही घरात बसायचं, खापरोळ्या भाजायच्या, नारळाचा रस काढायचा आणि कोयत्याचा आवाज ऐकायचा. वाट करणारा दारात पोचला की त्याला बसवून खाऊ घालायचं. एखाद्या दारची वाट दसऱ्यापर्यंत तशीच रानात राहिली, तर ती सगळ्या बेटाला दिसते. मग कुणाला तरी लाज वाटते, आणि तो पुटपुटत, शिव्या देत कोयता उचलतो. आमच्याकडची भांडणं अशीच मिटतात.

यशोधनला ही रीत माहीत नव्हती असं नाही. त्यानं तर तिच्यावर फलक लावला. सगुणाआत्याच्या पाणंदीच्या तोंडाशी, चांगल्या सागवानी पाटीवर. 'या बेटावर एकमेकांच्या दारची वाट करण्याची सुंदर प्रथा होती.'

होती म्हणे!

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर मी ती पाटी वाचत होते तेव्हा शेजारची मालन खवणेकर माझ्याबरोबर उभी होती, हातात कोयता घेऊन. दरवर्षी आत्याची वाट तीच करायची. पुढे पाणंद लखलखीत साफ. यशोधननं पलीकडच्या किनाऱ्यावरून माणसं आणून गवत कापायचं मशीन फिरवलं होतं.

"आता मी ह्या घेवन खंय जाव?" मालननं मला विचारलं.

ती कोयता घेऊन घरी गेली. आत्याकडे गेलीच नाही. वाट केली नाही तर नुसतं जाऊन बसायचं कसं, आणि खायचं कसं?

---

पुढे झालं ते असं. यंदा भाद्रपदाच्या शेवटी, एका सकाळी सगुणाआत्याचा पाय मागच्या पडवीत घसरला. शेवाळ होतं. खुब्याचं हाड मोडलं. ती तिथेच पडून राहिली. तो दिवसभर, आणि ती रात्रभर.

समोरून यशोधनचे पाहुणे जात होते. घरापुढे थांबत होते, दाराचं कोरीवकाम बघत होते, फोटो काढत होते. मालननं आपल्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, ही ये-जा बघितली आणि तिला वाटलं, एवढी माणसं आहेत, आत्या त्यांच्यात गुंतली असेल. पलीकडच्या दाजी तांडेलालाही तेच वाटलं. आधीच्या दिवसांत वाटेवर दिवसभर कुणी दिसलं नाही तर कुणीतरी डोकावलं असतं. आता वाट कधी रिकामीच नसायची.

दुसऱ्या दिवशी एका पाहुण्याला शौचालय हवं होतं, म्हणून तो घराला वळसा घालून मागे गेला. त्यामुळे ती सापडली.

होडीनं तिला पलीकडे नेलं, इस्पितळात हाड बसवलं, आणि परत आणलं तेव्हा धक्क्याजवळचं घर म्हणून मठात उतरवलं. दोन दिवसांसाठी. ते दोन दिवस काही संपेनात. डॉक्टर म्हणाला चाला, ती चालायला लागली. वॉकर घेऊन माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायची आणि माझ्या पातेल्यात डोकावायची.

"पिठी पाणचट केलंस गो."

आपल्या घरची असती तर मी तोंडावर उत्तर दिलं असतं. पण आजारी माणूस. मी पिठी घट्ट केली. मग म्हणाली, गोळे झाले.

एवढं सगळं होतं, पण घरी चल म्हटलं की ती भिंतीकडे तोंड करायची.

---

त्या सकाळी यशोधन तिला न्यायलाच आला होता. बुवांना छळण्याआधी तो आत तिच्यापाशी बसला होता. मी ऐकलं सगळं. खाट माझी, खोली माझी, कान कुठे नेऊ?

"आत्ये, चल ना घरी. सगळं केलंय मी. पडवीला नवी फरशी टाकली, धरायला कठडा बसवला."

"बरा केलंस."

"मग चल."

"माका जावचा नाय."

"का पण?"

"ती वाट माझी नाय."

"तुझी नाही तर कुणाची? तुझ्याच दारात जाते ती!"

"कोणी केली?"

"मी माणसं लावून करून घेतली."

"तेंका माझ्याकडे येवचा होता?"

यशोधननं मान खाजवली. मग म्हणाला, "बरं, मी मालनकाकीला सांगतो. ती करेल पुढच्या वर्षीपासून. मी लिहूनच टाकतो तसं योजनेत."

आत्यानं भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा तो तणतणत ओटीवर आला होता. त्याच्या हट्टाचं मला नवल नाही. पण एवढं शिकून माणसाला समोरच्याचं तोंड वाचता येऊ नये, याचा मला मनापासून राग आला.

---

पेज झाली. मी दोघांपुढे वाट्या ठेवल्या. बुवा भुरके मारत पेज प्यायले. यशोधननं वाटीला हात लावला नाही.

"तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"घरी जा म्हणून."

"इथे काय वाईट आहे?"

"बुवा! ती इथे राहू शकत नाही."

"शेवंतीची काही तक्रार?"

"आहे!" मी आतून ओरडले. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी ओरडले.

बुवा उठले. दाराच्या मागे अडकवलेला कोयता काढला आणि यशोधनच्या पुढ्यात ठेवला.

"जा. आत्याची वाट कर."

यशोधननं कोयत्याकडे पाहिलं, बुवांकडे पाहिलं. मग तो उचलून ताडताड निघून गेला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलं एकदाचं.

कसलं सुटतंय! माझी भांडी घासून होईपर्यंत हा परत हजर.

"गेलास?"

"गेलो."

"केलीस?"

"करायला काय आहे तिथे? गवताचं पातं नाही, बुवा! परवाच मशीन फिरलंय."

"मग?"

"मग काय मग? परत आलो!"

"आत्याकडे गेला नाहीस?"

"आत्या इथे आहे ना!" त्याचा आवाज चढला. "मला वेड लावणार आहात का तुम्ही? तुम्हीच म्हणालात जा, वाट कर. वाट साफ आहे. पाणंदीच्या तोंडापासून दारापर्यंत साफ आहे. आता कुणी काय करायचं?"

बुवा विचारात पडले. खरोखर पडले की नुसते दिसले, ते मला कधीच कळत नाही.

"करायला काही नाही, हीच अडचण ना?"

"हो!"

"मग आणून टाक."

"काय आणून टाकू?"

"रान."

...

पुसायला घेतलेलं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं.

"मी," तो सावकाश म्हणाला, "मी दोन वर्षं खपून जी वाट मोकळी केली, तिच्यात काटे आणून टाकू?"

बुवांनी पेजेची वाटी पालथी घातली.

"दुपारच्या होडीनं पाहुणे येतायत, बुवा. आत्याचं घर हा तर मुख्य थांबा आहे."

"आत्या नसली तरी?"

"घर तर आहे ना!" तो बोलून गेला. आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण तो चटकन थांबला.

त्यानं कोयता पुन्हा उचलला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "ठीक आहे. काटे हवेत ना? घ्या काटे."

---

यशोधन जे करील ते दणक्यात करील, हा त्याचा जन्माचा स्वभाव. मी पाण्याची कळशी घेऊन मागोमाग गेले, कारण हा उन्हात कोसळला तर तोही माझ्याच मठात येऊन पडणार. खाट एकच आहे.

मागच्या टेकाडावर करवंदीच्या जाळ्या आहेत. त्या त्यानं तोडल्या आणि ओढत आणल्या. माडाच्या वाळक्या झावळ्या आणल्या. निवडुंगाचे फडे, घाणेरीची झुडपं, जे हाताला येईल ते. पाणंदीच्या तोंडापासून सुरुवात केली आणि आत आत टाकत गेला. दारापाशी तर ढीगच घातला. फोन करून दुपारच्या पाहुण्यांना नको म्हणून सांगितलं, आणि तेही ओरडूनच. समोरच्या माणसाचा बिचाऱ्याचा काय दोष?

बुवा गडग्यावर बसून बघत होते.

"झालं समाधान?" यशोधन ओरडला. हात रक्तानं भरले होते, सदरा फाटला होता. "केली बंद! माझी पायवाट मीच बंद केली. आता कोण चुकलं? आता तरी सांगा!"

बुवांनी चंची उघडली.

तो मटकन खाली बसला. मी कळशी पुढे केली. त्यानं पाणी प्यायलं नाही, फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ताई, हे ऐका."

एका पाहुण्या बाईंनी आत्या पडली त्या दिवशी आत्याच्या दाराचं चित्रण केलं होतं आणि कौतुकानं त्याला पाठवलं होतं. दार दिसत होतं, वरची नक्षी दिसत होती, अंगणातली तुळस दिसत होती. आणि मागून कुठूनतरी बारीक आवाज येत होता, लांबवलेला, थांबून थांबून. खाली बाईंनी लिहिलं होतं, आत आजी किती गोड गातायत.

"ती गात नाहीये," यशोधन म्हणाला. "ती मला हाक मारतेय. नीट ऐका. यशो... यशो... अशी. आणि मी तेव्हा पाटीपाशी उभा होतो. लोकांना प्रथा समजावून सांगत होतो."

मला रडू आलं. सकाळपासून मी त्याच्यावर चिडले होते, ते सगळं एकदम कुठल्या कुठे गेलं. हा एवढा का ओरडतोय, काय चुकलं म्हणून का विचारतोय, ते मला त्या क्षणी कळलं. चूक त्याला माहीत होती. कुणीतरी 'तुझं नाही चुकलं' म्हणावं एवढीच त्याची आस होती, आणि बुवा काही केल्या म्हणेनात.

"बुवा, सांगा ना काहीतरी त्याला," मी म्हटलं. "पोराचा जीव जातोय."

बुवा गडग्यावरून उतरले. पाणंदीच्या तोंडाशी करवंदीची एक जाळी जरा कलली होती. ती त्यांनी सरळ केली.

मला त्या वेळी बुवांचाही संताप आला. देवाशपथ सांगते, आला.

---

मालन खवणेकर नळावरून पाणी घेऊन येत होती. पाणंदीपाशी आली आणि थबकली. डोक्यावरचा हंडा तसाच.

"ह्या काय? कोणी टाकल्यान हे काटे?"

"मी," यशोधन म्हणाला.

"तुका अक्कल आसा काय? म्हातारी घरात येवची हा, आणि तू वाटेर काटे टाकतंस?"

"ती येतच नाहीये काकी."

"येतली कशी? काट्यांतून?"

"काटे आत्ता टाकले! सकाळी वाट साफ होती, तरी येत नव्हती!"

मालननं हे ऐकलंच नाही. हंडा खाली ठेवला, तरातरा घरात गेली आणि कोयता घेऊन बाहेर आली. पदर खोचला. "बाजूक हो," म्हणाली. आणि पहिला घाव घातला.

दाजी तांडेल जाळं विणत बसला होता. कोयत्याचा आवाज ऐकून तो आला, बघितलं, आणि यशोधनला त्याच्या कुळासकट दोन शब्द ऐकवले. मग परत गेला. मला वाटलं हा गेला. पण तो कोयता आणायला गेला होता.

दोघांचं एकमेकांशी धड पटत नाही. मालनच्या बकऱ्या दाजीच्या परसात जातात, त्यावरून बोलणं बंद होतं. आता बोलायला लागले, पण ते भांडायलाच. तू फांद्या माझ्या अंगावर फेकतेस. मग तू मागं उभा राहा. एवढी जाड जाळी कुठून आणली या मेल्यानं. आत्याचं नाव दोघांनी एकदाही काढलं नाही. आणि घाव मात्र पुढे पुढे सरकत होते.

यशोधन मधे उभा राहून म्हणत होता, "अहो पण काकी, ऐका तरी..."

कोण ऐकतंय!

बुवा माझ्याकडे वळले. "शेवंती, मठात जा. खिडकी उघड."

"कुठली खिडकी?"

"तुला काय वाटतं?"

मी कपाळावर हात मारला आणि मठाकडे गेले.

---

आत्या निजायची त्या माझ्या खोलीची खिडकी पाणंदीकडे उघडते. ती उघडली तेव्हा आत्या पाठमोरी पडली होती. आवाज आत आला. खस्स... खस्स... मधेच मालनचं ओरडणं, दाजीचं खोकणं.

आत्या वळली नाही. पण तिची पाठ ऐकत होती.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "माझ्या वाटेर कोण आसा गो?"

"मालन आहे. दाजी आहे."

"दाजीय?"

"तोही आहे. भांडतायत दोघं."

ती उठून बसली. केसांवरून हात फिरवला. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. मग माझ्यावरच डाफरली, "बघतंस काय? माझा वॉकर खंय आसा? घरात पीठ आसा की नाय देव जाणे. तांदूळ आसतले. नारळ तुझ्याकडचो एक घे."

"माझा नारळ?"

"मगे कोणाचो?"

मी नारळ घेतला. एक नाही, दोन घेतले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

---

आम्ही दोघी पाणंदीत शिरलो तेव्हा ऊन कललं होतं. मालन आणि दाजी बरेच पुढे गेले होते. मोकळ्या झालेल्या वाटेवरून आत्या एकेक पाऊल टाकत चालली. वॉकर दगडांवर अडखळत होता. यशोधन धावत आला, एका बाजूनं तिला धरायला गेला. तिनं धरू दिलं. चेहरा त्याचा उजळला होता. आत्या घरी निघाली होती, त्याला आणखी काय हवं होतं!

"हळू, आत्ये. इथे उतार आहे. दाजीकाका, जरा लवकर उरका, ती आली बघा!"

शेवटच्या वळणावर घर दिसायला लागलं. कौलं दिसली, तुळस दिसली. वळणापासून अंगणापर्यंतचा तुकडा काट्यांनी भरलेला होता. सगळ्यात जाड ढीग इथेच होता, रागाच्या भरात त्यानंच घातलेला.

मालननं कोयता जमिनीत रुतवला आणि गडग्यावर बसली. दाजीनं तिच्या शेजारी बूड टेकलं आणि विडी पेटवली. आत्या थांबली, तिनं आजूबाजूला बघितलं, आणि तीही बसली. मी नारळ मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले.

बुवा समोरच्या बाजूला बसले.

उभा राहिला तो एकटा यशोधन.

"काय झालं? का थांबलात?"

मालननं पदरानं मान पुसली.

"अहो, एवढंसंच तर राहिलंय! दाजीकाका?"

"दमलंय," दाजी धूर सोडत म्हणाला.

"मालनकाकी?"

"हात भरान इलो माझो."

यशोधननं आत्याकडे बघितलं. आत्या त्याच्याकडेच बघत होती. पोर शाळेतून कधी येतंय म्हणून दारात उभं राहून बघतात, तसं. मी त्याला मनातल्या मनात ओरडून सांगत होते, अरे, अरे, तिच्याकडे बघ.

त्यानं बघितलं. आणि फोन काढला.

"काळजी करू नका. तुम्ही सगळे बसा. मी पोरांना मशीन घेऊन बोलावतो, आत्ता येतील, चुटकीसरशी होईल. आत्ये, तू मुळीच उठू नकोस हां, मी सगळी व्यवस्था करतो."

मालननं डोकं दोन्ही हातांत धरलं. दाजीची विडी खाली पडली. आत्यानं डोळे मिटले. मला तर वाटलं, हातातला नारळ याच्या टाळक्यात घालावा.

बुवा उठले. मी त्यांना आयुष्यात घाईनं उठताना पाहिलं नव्हतं. त्यांनी यशोधनच्या हातातला फोन काढून घेतला आणि माझ्या ओच्यात टाकला. मालनचा कोयता जमिनीतून उपटला आणि त्याच्या हातात दिला.

यशोधन कोयत्याकडे बघत राहिला.

"मी?" तो म्हणाला. "पण बुवा, मी कसा करू? हे तर माझंच घर. आपल्या दारची वाट आपण करायची नाही ना?"

"शेवटचा कधी जेवलास इथे?"

"इथे? मी रोजच येतो की. पाहुण्यांना घेऊन रोज..."

"आत."

...

यशोधननं दाराकडे बघितलं. तो धक्क्याजवळच्या आपल्या पायवाटेच्या कचेरीत राहतो, आल्यापासून. तिथेच निजतो, तिथेच काहीतरी मागवून खातो. आत्याच्या घरापुढची पाटी त्याला पाठ होती. उंबऱ्याच्या आत तो कधी गेला, हे त्याला आठवेना. मला त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, आणि आत्यालाही दिसत असणार.

"मला फक्त तिला घरी न्यायचं होतं बुवा," तो म्हणाला. आवाज अगदी खाली आला होता. "तिला पोचवलं की माझं... निदान तेवढं तरी..."

बुवांनी मोठा सुस्कारा टाकला. सकाळपासूनचा सगळा वैताग त्या सुस्काऱ्यात होता.

"अरे बाबा, तुला आत्याला पोचवायचंय, की आत्याकडे जायचंय?"